तोंड मिटा मोहीम

४ मार्च

युद्ध सुरू झाल्यापासून लोकांची तोंडं जास्तच चालायला लागली आहेत. साखर कमी, कापड कमी, रॉकेल कमी. बडबड तेवढी रेशनशिवाय मिळते. आज ट्रॅममध्ये दोन बायका. एकीचा भाचा तोफखान्यात. तो कुठे आहे, तिथून कुठे चालला आहे, त्याला बूट कोणत्या मापाचे मिळाले, सगळं अख्ख्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात. किळस आली. दोन स्टॉप आधीच उतरणार होतो, पण भाच्याची तुकडी कोणती ते कळेपर्यंत थांबलो. पुरावा अर्धवट नको.

ऑफिसात साहेबांचं बोलावणं. बसायला खुर्ची दिली, म्हणजे काम मोठं. निष्काळजी बोलणाऱ्यांना इशारा देणारी छोटी फिल्म काढायची आहे. प्रत्येक थिएटरात मुख्य पिक्चरच्या आधी दाखवणार. लेखन माझं! आजवर दंतमंजनाच्या जाहिराती लिहून लोकांना तोंड उघडायला लावलं, आता मिटायला लावायचं. साहेब म्हणाले, पडद्यावर येईपर्यंत अक्षर बाहेर जाता कामा नये. मी म्हटलं, साहेब, माझ्या पोटात गेलं की गेलं.

संकल्प: आजपासून कामापुरतं बोलायचं.

संध्याकाळी हिला सांगितलं. बायको काही बाहेरची नव्हे. वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई त्याच वेळी शिवणाची सुई मागायला आमच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं असेल तर दोष त्यांचा. दुसऱ्याचं ऐकायची लोकांना भारी खोड.

७ मार्च

दिग्दर्शक म्हणून एक बाई नेमली आहे. नाटकातून आलेली. आखूड केस, पुरुषी बूट, बोलणं मोजकं. मी स्क्रिप्ट वाचून दाखवलं. काळा चष्मा घातलेला हेर, लांब सिगारेट होल्डर, हॉटेलात गाणारी मोहिनी, हॅटमध्ये लपवलेला ट्रान्समीटर. वाचताना माझ्याच अंगावर काटा आला. बाईंनी विचारलं, असा माणूस कधी पाहिलाय? मी म्हटलं, तेच तर! दिसत नाहीत म्हणूनच धोका. बाईंनी हेर खोडला. मोहिनी खोडली. हॅटसुद्धा खोडली.

म्हणाल्या, "असल्या फिल्मला लोक हसतात आणि बाहेर पडून गप्पा मारायला मोकळे होतात. कारण हेर कोणी दुसराच असतो. मला साधा माणूस दाखवायचाय. घरादारावर जीव असलेला. देशाचं वाईट व्हावं असं स्वप्नातही न येणारा. फक्त आपल्याला काहीतरी आतलं माहीत आहे, हे चारचौघांना कळावं एवढीच त्याला भूक."

मी स्पष्ट सांगितलं, असा माणूस सापडणं कठीण आहे. बाई माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मुद्दा पटला असावा.

९ मार्च

सलूनमध्ये गेलो. निरीक्षणासाठी. केस थोडे वाढलेही होते.

ही जागा म्हणजे बडबडीचं मुख्य कार्यालय. तीन खुर्च्या, समोर डाग पडलेले आरसे, कोपऱ्यात खरखरणारा रेडिओ, आणि बाकावर केस कापायचे नसलेली माणसं. सलूनवाल्याची जीभ कात्रीच्या तालावर चालते. त्यानं विचारलं, काय साहेब, ऑफिसात काय नवीन? मी म्हटलं, सांगता येत नाही. तो "बरं" म्हणाला आणि मानेवरचे केस काढायला लागला. हे मला काही बरं वाटलं नाही. त्याला वाटायचं, याच्याकडे सांगण्यासारखं काही नाहीच. म्हणून म्हटलं, सांगता येत नाही असं बरंच आहे. बाकावरचे पेपर एकदम खाली आले.

फिल्मचं नाव सांगितलं नाही. विषय सांगितला. विषय तर भिंतीभिंतीवर पोस्टरवर चिकटवलेला आहे, त्यात गुप्त काय? नटांची निवड व्हायची आहे, एवढं मात्र सांगितलं, कारण सलूनवाल्याचा साडू हार्मोनियम वाजवतो.

१५ मार्च

चिरंजीव आले! आरमारात गेल्यापासून दुसऱ्यांदाच घरी. उन्हानं काळा पडलाय, बारीक झालाय, पण आवाज भारदस्त. आल्या आल्या अंघोळ केली आणि दुपारभर झोपला. ही त्याच्या उशाशी स्टूल घेऊन बसून होती. मी दोनदा सांगितलं, त्याला झोपू दे. ही म्हणाली, मी कुठे उठवतेय.

संध्याकाळी जेवताना तो हळूच म्हणाला, "बाबा, एक सांगतो. पण घराबाहेर नको. आम्ही या आठवड्यात निघतोय. मोठा ताफा आहे. मग बरेच दिवस काही कळणार नाही. आईनं घाबरू नये म्हणून सांगतोय." दिवसही सांगितला. हिनं नुसती मान हलवली. पोरगी ताटात बघत राहिली. माझी छाती फुगली. जबाबदार बाप म्हणून मी त्याला मौनाचं महत्त्व, जिभेचा संयम, युद्धात नागरिकांची कर्तव्यं हे सगळं नीट समजावून सांगितलं. बसल्या बसल्या त्याला पुन्हा झोप लागली. तरुण पिढीचं लक्ष लागत नाही कशात.

१७ मार्च

दिवसभर छातीवर धोंडा. एवढी मोठी गोष्ट माहीत असणं म्हणजे काय ते सामान्य माणसाला कळायचं नाही.

पाववाल्याकडे रांग. पुढचा माणूस म्हणाला, हे आरमार काय नुसतं बंदरात गंजत पडलंय. संताप आला. माझा मुलगा तिथे रक्त आटवतोय आणि हा पावाच्या रांगेत उभा राहून त्याला गंजलेला म्हणतो! मी म्हटलं, जरा रविवारपर्यंत थांबा, मग बघा बंदरात काय उरतं. बस्स. दिवस सांगितला नाही. गुरुवारच्या नंतर आणि रविवारच्या आधी एवढंच म्हणालो. दिवस वेगळा आणि अंदाज वेगळा.

तिथून सलूनमध्ये. दाढी करायची राहिली होती. सलूनवाल्याला उदाहरण म्हणून समजावून सांगितलं की बघ, माझा मुलगा कोणत्या जहाजावर आहे, ते केव्हा निघणार, सगळं मला ठाऊक आहे, पण तू विचारलंस तरी मी सांगणार नाही. त्यानं विचारलं नाहीच. कोडगा आहे. मग त्याला मौन म्हणजे काय ते कळावं म्हणून जहाजाला धुराच्या किती चिमण्या आहेत तेवढं सांगितलं.

२० मार्च

डोकं उठलंय.

चिरंजीव संध्याकाळी बंदरावरून आला. रजा रद्द. ताफ्याचं निघणंही बदललं. कारण काय, तर जहाजाचा खानसामा पाव आणायला गावात गेला आणि पाववाल्यानंच त्याला निघायचा दिवस सांगितला! अधिकारी खवळले. या भागात ज्यांची घरं आहेत त्या सगळ्यांना एकेकाला आत बोलावून विचारलं, घरी कोणाला सांगितलंस? चिरंजीव म्हणाला, "मी म्हटलं, कोणालाच नाही."

असं म्हणून तो माझ्याकडे बघत राहिला. मी ताबडतोब म्हटलं, मास्तरीणबाई! तू सांगितलंस तेव्हा जिन्यात उभ्या होत्या. पोरगी म्हणाली, "बाबा, त्या संध्याकाळी त्या शाळेच्या कार्यक्रमाला गेल्या होत्या." मग सलूनवाला. चिरंजीवानं पिशवी भरली. हिनं मोज्यांच्या दोन जोड्या वर ठेवल्या, त्यानं आईला जवळ घेतलं. दारात मला म्हणाला, बाबा, सांभाळा. कोणाला, काय, ते बोलला नाही.

रात्री ही जेवली नाही. एका बोलघेवड्या माणसापायी किती घरांना त्रास होतो! त्या सलूनवाल्याला सोडणार नाही.

२३ मार्च

बंदराच्या सुरक्षा अधिकाऱ्याला भेटलो. सर्दी झालेला तरुण माणूस. खोलीत एक टेबल, एक दिवा, आणि एक खुर्ची, तिचा पाय डुगडुगणारा. मी सलूनवाल्याविरुद्ध तक्रार दिली. नुसती मोघम नव्हे. त्याच्या जिभेमुळे किती नुकसान होऊ शकतं ते कळावं म्हणून त्याला काय काय माहीत आहे ते पहिल्यापासून सांगितलं: जहाज, चिमण्या, फिल्म, साहेबांचं नाव, ट्रॅममधल्या बाईचा भाचा. अधिकारी नाक पुसत ऐकत होता. शेवटी विचारलं, "हे सगळं त्याला कोणी सांगितलं?"

मी म्हटलं, तो मुद्दा वेगळा.

त्यानं शिपायाला माझ्यासाठी चहा आणायला सांगितलं आणि म्हणाला, पुन्हा अशी माहिती द्यायची झाली तर कृपा करून थेट माझ्याकडेच या, वाटेत कुठे थांबू नका. माझ्यावर विश्वास बसला असावा.

२८ मार्च

सलूनवाल्याला चौकशीला नेलं होतं. दुकान बंद होतं. आज उघडलं. वजनानं उतरल्यासारखा दिसला. तक्रार मी केली हे त्याला कळणं शक्य नाही, कारण मी फक्त पाववाल्याला, ऑफिसातल्या टायपिस्टला आणि हिच्या भावाला सांगितलं होतं.

खुर्चीत बसलो. म्हटलं, काय, कसं काय? तो म्हणाला, "साहेब, बोलू नका. वस्तरा गळ्यावर आहे." पूर्ण दाढी होईपर्यंत एक शब्द नाही. बाकावरचे लोकही पेपरात तोंड खुपसून. रेडिओ बंद. एका तक्रारीनं केवढी सुधारणा!

दाढी मात्र फारच गुळगुळीत केली. इतकी जवळून आजवर कधी केली नव्हती.

२ एप्रिल

आनंदाची बातमी. मुख्य नटाला गालगुंड. तोंड उघडता येत नाही. बाईंनी भर सेटवर सगळ्यांसमोर विचारलं, भूमिका तुम्ही कराल का? मी आढेवेढे घेतले, पण मान आधीच हलली होती.

भूमिका: "ज्याला माहीत आहे असा माणूस." म्हणजे नायक.

सेट सलूनचा लावलाय. माझ्याच वर्णनावरून. आरशांवर डागसुद्धा रंगवले. मी संवाद मागितले. बाई म्हणाल्या, पाठांतर नको, तुम्ही लेखक आहात, खुर्चीत बसा आणि या लोकांना युद्धाची परिस्थिती समजावून सांगा, मनाला येईल ते बोला. मी सुरुवात केली. जहाजं, आगगाड्या, दारूगोळ्याचा कारखाना (खरा कुठे आहे ते नव्हे, त्याच्या शेजारचं गाव सांगितलं). ओघ लागला. बाईंनी "कट" म्हटलंच नाही. रीलच संपलं. एका टेकमध्ये! कॅमेरामन खांद्याला तोंड पुसत होता. मनाला भिडलं असावं. उलट बाकावर नुसतं गप्प बसून ऐकायचं काम असलेल्या एक्स्ट्रांना ते काही केल्या जमेना. सारखे हसायचे. एवढं साधं काम!

घरी हिला सांगितलं. तिनं विचारलं, काय बोलायला सांगितलं होतं? म्हटलं, मनाला येईल ते. ही म्हणाली, "मग झालंच." कौतुक करायची तिची तीच पद्धत आहे.

११ एप्रिल

दुपारी रेडिओवर बातमी. आपलं एक जहाज बुडालं. नाव सांगितलं नाही. काही माणसं वाचली.

ही भांडी घासत होती. नळ तसाच चालू ठेवून रेडिओजवळ येऊन उभी राहिली. बातम्या संपल्या, गाणी लागली, तरी उभीच. पोरगीनं नळ बंद केला.

१२ एप्रिल

ऑफिसात गेलो नाही. बंदरावर गेलो. फाटकाबाहेर बरीच माणसं. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. मीही नाही. शिपायानं सगळ्यांना एकच सांगितलं, घरी जा, कळवू.

१३ एप्रिल

काही नाही.

१९ एप्रिल

सुखरूप आहे! चिरंजीवाचं छापील कार्ड आलं. "मी ठीक आहे" या ओळीवर खूण, खाली सही. एवढंच. हिनं ते कार्ड हातात घेतलं आणि खाली जमिनीवरच बसली. मीही बसलो. बराच वेळ.

मग वाटलं, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी काळजी केली असेल, त्यांना कळवणं आपलं कर्तव्य आहे. ही "अहो, थांबा जरा" म्हणाली, पण मी चपला घातल्या होत्या. मास्तरीणबाई, पाववाला, शिंपी, सगळ्यांना सांगितलं. आनंदाच्या भरात हेही सांगितलं की बुडालं ते याचं नव्हे. म्हणजे त्या ताफ्यातलं दुसरं असणार, आणि त्यावरून हिशेब केला तर ताफा या घटकेला साधारण कुठे असेल. शिंप्याच्या टेबलावर खडूनं नकाशाही काढून दाखवला. शिंप्यानं मधेच हातानं पुसला. कापडाला खडू लागेल म्हणाला. घाणेरडी सवय, माणसाचं बोलणं पुरं होऊ देत नाहीत.

घरी आलो तर ही दारातच उभी. शिंप्याची बायको माझ्या आधी पोचली होती. ही आवाज न चढवता म्हणाली, "यापुढे त्याचं काही आलं तर मी बघीन." मी म्हटलं, हो, तेवढाच माझा भार हलका. ती आत गेली. इतक्या वर्षांत तिला माझ्यावर एवढी चिडलेली पाहिलं नव्हतं. पण चिडली कशावर ते काही कळलं नाही. आनंदानंही माणूस असा होतो.

३ मे

फिल्म लागली. मॅटिनीला सगळी गल्ली थिएटरात. तिकिटं मी स्वतः सगळ्यांना वाटली. ही आणि पोरगी माझ्या दोन बाजूंना. मागच्या रांगेत सलूनवाला, त्याचा साडू, पाववाला, शिंपी. कडेला दिग्दर्शक बाई एकट्या उभ्या.

दिवे गेले. मी पडद्यावर आलो. खुर्चीत, गळ्याभोवती पांढरं कापड, फक्त डोकं बाहेर. मी तोंड उघडलं आणि थिएटर हसलं. मी "एवढंच सांगतो" म्हटलं, पुन्हा हसलं. "दिवस नाही सांगणार" म्हटल्यावर तर एक म्हातारा हसून हसून खोकायला लागला. लोकांना इतकं आवडेल असं वाटलं नव्हतं. मी अंधारात दोनदा मान लववली.

मग त्या बाईनं घात केला. माझं बोलणं चालू असतानाच बाकावरचा एकजण उठून जातो. तो पाववाल्याला सांगतो. पाववाल्याकडून आणखी कोणी. माझा आवाज मात्र चालूच, त्या सगळ्यांच्या मागे, चक्कीसारखा. मग समुद्र. मग काहीच नाही, नुसतं पाणी. मग एक स्वयंपाकघर, एक बाई भांडी घासतेय, दारावर थाप पडते, ती हात पुसत वळते. नळ चालूच राहतो. आणि अजून माझा आवाज. शेवटी पुन्हा मी, खुर्चीत, आरशात स्वतःकडे बघून खूश.

थिएटरात कोणी हसलं नाही. कोणी खोकलं नाही. दिवे लागले तेव्हा हिची खुर्ची रिकामी होती.

बाईंना गाठून जाब विचारला. म्हटलं, हा विश्वासघात आहे, मला नायक म्हणून सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, नायकच आहात, फिल्मभर दुसरं आहेच कोण? मी म्हटलं, त्या स्वयंपाकघराचं काय? ते तर माझ्या... बाई म्हणाल्या, "तुमच्याच तोंडून ऐकलं. शूटिंगच्या शेवटच्या आठवड्यात, सेटवर. सगळ्यांना सांगत होतात."

साहेबांकडे लेखी निषेध पाठवणार. एडिटिंगनं माणसाचा अर्थच बदलतो.

८ मे

साहेबांनी निषेध परत पाठवला. वर शेरा: फिल्म फार प्रभावी, आणखी प्रती काढाव्यात. अभिनंदन.

म्हणजे प्रभावी आहे. कोणामुळे, ते उघड आहे.

१२ मे

मोहीम यशस्वी! गल्लीचा कायापालट झाला आहे. पावाच्या रांगेत मी उभा राहिलो की सगळे गप्प. शिंप्याकडे शिरलो की गप्प. सलूनमध्ये तर मी दार ढकलताना हसण्याचा आवाज येत असतो आणि आत पाऊल टाकलं की कात्रीशिवाय काही ऐकू येत नाही. मास्तरीणबाई जिन्यात भेटल्या की हवेवर बोलतात. उकडतंय म्हणाल्या. मी म्हटलं, काय विशेष? तर म्हणाल्या, उकडतंय. हिचा भाऊ काल आला होता. स्वयंपाकघरात बहीणभावांची कुजबुज चालली होती. मी गेल्यावर तो अर्ध्या वाक्यात थांबला आणि म्हणाला, भाऊजी, बागकाम कसं चाललंय? आम्हाला बाग नाही.

एका फिल्मनं माणसं इतकी बदलतात. छाती अभिमानानं भरून येते.

१४ मे

पण हे जरा अतिच होतंय. बोलायचं नाही म्हणजे मुळीच नाही? आज दिवसभरात माझ्याशी फक्त ट्रॅमचा कंडक्टर बोलला. "पुढे सरका." मीही त्याला काही सांगणार होतो, पण गर्दी होती. या मुक्या लोकांचा वीट आलाय. नुसते बघतात. माणसं आहेत की मासे?

१६ मे

हिची भावजय आजारी. ही आणि पोरगी तिची सेवा करायला तिकडे राहायला गेल्या. माझ्यासाठी स्वयंपाक करून झाकून ठेवलाय. मी म्हटलं, मीही येतो बघायला. दोघी एकदम म्हणाल्या, नको. साथीचा रोग आहे म्हणे. माझ्या तब्येतीची काळजी. पोरगीनं जाताना इस्त्रीचे कपडे घातले होते. ही कपाटातली निळी साडी नेसली होती. आजाऱ्याला प्रसन्न वाटावं म्हणून.

१७ मे

घर खायला उठलंय. सलूनमध्ये गेलो तर कुलूप. पाववाल्यानं आपणहून विचारलं, घरी एकटेच का? मी कारण सांगितलं. "असं, असं," म्हणाला आणि पाव कागदात बांधत राहिला. मास्तरीणबाई हातात लोकरीचं काहीतरी घेऊन घाईनं जिना उतरत होत्या. या उकाड्यात लोकर! मी म्हटलं, भावजयीच्या तब्येतीचं काही कळलं का? त्या म्हणाल्या, तब्येत छान आहे, उंचही वाटतोय. मग एकदम गप्प झाल्या आणि उकडतंय म्हणाल्या. शाळेतल्या पोरांनी डोकं पिकवलेलं दिसतंय बिचारीचं.

२० मे

दोघी परत आल्या. हिचे डोळे सुजलेले, पण चेहरा कसा धुतल्यासारखा. जागरणं झाली असतील. भावजय बरी आहे ना, विचारलं. बरी आहे म्हणाली. गुणगुणत भाजी चिरत होती.

२२ मे

आज बाजारात हिची भावजय भेटली. दोन पिशव्या भरून भाजी, धडधाकट, पायऱ्या चढून दुकानात निघालेली. मी म्हटलं, अहो, तुम्ही आजारी ना? तिचा चेहरा पांढरा पडला. म्हणाली, भाऊजी, मला उशीर होतोय. आणि गेली.

घरी आलो. ही झोपली होती. पोरगी ओट्यापाशी. मी काही विचारलं नाही. खुर्चीवर नुसता बसलो. माझ्याकडे न बघता तीच म्हणाली, "दादा आला होता."

मामाकडे उतरला होता. चार दिवस. आईच्या हातचं जेवला, झोपला, पुन्हा जेवला. मास्तरीणबाईंनी स्वेटर विणून दिला. पाववाल्यानं रोज ताजा पाव पाठवला. सलूनवाला दुकान बंद करून मामाच्या घरी जाऊन त्याचे केस कापून आला. हो, तोच सलूनवाला. शिंप्यानं शर्टाची बटणं लावून दिली. सगळ्या गल्लीला माहीत होतं. पावाच्या रांगेत, जिन्यात, सलूनच्या बाकावर, सगळ्यांना. कोणाच्याही तोंडून अक्षर फुटलं नाही.

मी म्हटलं, त्यानं मला भेटायचं म्हटलं नाही? पोरगी म्हणाली, "रोज म्हणायचा. शेवटच्या दिवशी गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन परत गेला. पण जहाजावर त्याच्याबरोबर बाकीचीही पोरं आहेत ना बाबा."

मग म्हणाली, तुमची फिल्म त्यांच्या जहाजावरही दाखवली. सगळे खूप हसले. नंतर कोणी हसलं नाही. मी विचारलं, आणि तो? पोरगीनं हात पुसले. "त्यानं कोणाला सांगितलं नाही, हे माझे वडील म्हणून."

आतून हिनं कूस बदलल्याचा आवाज आला. मला विचारायचं होतं, आता तो कुठे चाललाय, केव्हा पोचणार, परत केव्हा. तोंड उघडलंही. मग म्हटलं, "नको. मला सांगू नकोस."

पोरगी म्हणाली, "सांगणार नव्हतेच."